बाटलीच्या मशीनची सहामाही

"आणा इकडं! चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला मी. ज्याले सोताचं नाक पुसता येत नव्हतं त्याच्याकडून बाराखडी म्हणवून घेतली. हे तं मशीन हाय. याले नाकच नाई!"

अशी घोषणा करून गुलाम नबी गुरुजींनी ते मशीन आपल्या कारंजा गावच्या घरातल्या ओट्यावर, हळद-तिखटाच्या डब्यांशेजारी मांडून घेतलं. मशीन मोठं गोंडस होतं. पांढरंशुभ्र, गोलमटोल, नुकत्याच न्हाऊन तीट लावलेल्या बाळासारखं! मागे पाण्याची टाकी, डोक्यावर दुधाच्या पावडरीचं भांडं, पोटाच्या खोबणीत बाटली ठेवायची जागा. बटण दाबलं की मोजून पाणी, मोजून पावडर, आणि दहा सेकंदांत बाळाची बाटली तयार! सुनेच्या भावानं, अमाननं, ते भाचीसाठी पुण्याहून पाठवलं होतं.

भाची म्हणजे कशिश. वय पाच महिने, आवाज पंचायतीच्या भोंग्याइतका! आईचं दूध तिला पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पावडरीचं दूध लिहून दिलं होतं. आजवर त्या बाटल्या नाजिया, म्हणजे गुरुजींची सून, स्वतः बनवायची. पण नाजिया रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिची रजा संपली होती. सोमवारी सकाळी नऊला हजर झाली नाही, तर तिच्या जागेवर दुसरी मुलगी घेऊ, असं लॅबवाल्यांनी साफ सांगितलं होतं. सोमवार दोन दिवसांवर. आणि बाटली कोण बनवणार?

"मी हाय ना!" सासूबाई हुस्नाबानो म्हणाल्या.

आणि सगळी अडचण तिथंच होती!

हुस्नाबानो दाणाबाजारातल्या धान्यव्यापाऱ्याची लेक. त्यांच्या वडिलांच्या दुकानात सपाट माप कधी कोणी पाहिलं नव्हतं. पायली भरली की वर शीग चढायची, आणि शिगेवर आणखी एक ओंजळ. बरकत म्हणून! आता बाजारात सगळीकडे इलेक्ट्रिक काटे आले, पण हुस्नाबानोंच्या हातातली शीग काही उतरली नाही. त्यांच्या चहात साखर शिगेनं, भाजीत तिखट शिगेनं, पाहुण्याच्या ताटात भात तर असा की पलीकडचा पाहुणा दिसू नये!

"अम्मी, चमचा सपाटच पाहिजे," नाजियानं दहादा समजावलं होतं. "डॉक्टरनं सांगतलं हाय. दूध घट्ट झालं की पोट दुखते पोरीचं."

"सपाट? माह्या नातीले सपाट देऊ? माह्या बापानं कधी उधारीच्या गिऱ्हाइकालेही सपाट नाई देल्लं!"

म्हणून मशीन. मशीनला बरकत कळत नाही, एवढीच नाजियाची आशा होती.

शनिवारी सकाळी ती कशिशला लस टोचून आणायला दवाखान्यात निघाली. थर्मासात उकळलेलं गरम पाणी घेतलं, डबीत दोन वेळची मोजलेली पावडर घेतली, आणि गुरुजींच्या हाती एक भरलेली बाटली ठेवली.

"अब्बा, मशीनवर पावडर कमीजास्त कराचा आकडा हाय, पण त्याच्या कागदावर बाहेरदेशातल्या डब्यांचेच आकडे हायेत. आपला डबा त्यात नाई. कंपनीले फोन केला तं ते म्हणाले, चारवर ठेवा. पण मले एकदा पाहून पाह्यजे. ही बाटली मी हातानं बनवली, एकदम बरोबर हाय. मशीनचं दूध असंच येते का पाह्यजा. कशिशले देऊ नका, तुमीच चाखजा. संध्याकाळी सांगा, मशीन का हात. तुमी म्हणसान तसं!"

तुमी म्हणसान तसं! निवृत्तीनंतर नऊ वर्षांत हे वाक्य गुरुजींच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण ताणलं गेलं. त्यांनी नवी वही काढली, समासाची रेघ मारली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: 'सहामाही परीक्षा. विद्यार्थी: मशीन. आदर्श उत्तर: नाजियाची बाटली.'

तेवढ्यात धनज गावाहून बाबूसिंग आला. बाबूसिंगच्या चारही लेकरांना गुरुजींनी शिकवलं होतं, म्हणून बाजाराला आला की तो चहा प्यायला गुरुजींकडे डोकवायचाच.

"बस बाबूसिंग! आज चहा नाई. आज तुले दूध पाजतो!"

"काहून जी गुरुजी? मी काय लहान हाओ?"

"तू आज बाहेरून आलेला परीक्षक हायेस!"

बाबूसिंगला आयुष्यात शाळेनं फक्त नापास केलं होतं. परीक्षक झाल्याचं ऐकून तो खुर्चीत सावरून बसला.

स्वयंपाकघरात गुरुजींनी आकडा चारवर ठेवला, बटण दाबायचं काम हुस्नाबानोंकडे दिलं आणि स्वतः बैठकीत येऊन बसले.

"तुमी उभे नाई राहत का मशीनपाशी?" बाबूसिंगनं विचारलं.

"कधीच नाई! परीक्षा देणाऱ्याच्या डोक्यावर उभं राह्यलं की तो घाबरते. त्याले एकटं सोडलं पाह्यजे. माह्या चौतीस वर्षांचा अनुभव हाय!"

आता स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते गुरुजींना दिसत नव्हतं, पण तुमच्यापासून कशाला लपवायचं? मशीननं घुर्र केलं, चुळ्ळ केलं आणि बाटली भरली. दूध अगदी नाजियाच्या बाटलीसारखं, जसंच्या तसं! हुस्नाबानोंनी ती उजेडाला धरली. त्यांच्या काळजात चर्र झालं. हे दूध? यातून तर पलीकडची खिडकी दिसते! बिचारं मशीन, त्याला काय माया! त्यांनी डब्यातून एक चमचा काढला, त्यावर छान शीग चढवली, बाटलीत टाकला, खळखळ हलवली आणि बाटली बाहेर आणून दिली.

गुरुजींनी पेल्यात ओतलं. बाबूसिंगनं घोट घेतला. मग नाजियाच्या बाटलीतला घोट घेतला.

"गुरुजी, मशीनचं घट्ट हाय."

गुरुजींनीही चाखलं. "हाय खरं. कंपनी चुकली! हुस्ना, आकडा तीनवर कर!"

तीनवर दूध आणखी पातळ आलं. हुस्नाबानोंनी कपाळाला हात लावला आणि दोन चमचे टाकले. शिगेचे!

"गुरुजी, हे तं पह्यल्यापेक्षाही घट्ट हाय!"

"काय सांगतं! दोनवर कर हुस्ना!"

दोनवर तीन चमचे. ही बाटली बाबूसिंगनं पेल्यात ओतली, तर ती आधी आली नाही, आणि मग सगळी एकदम आली. "गुरुजी," तो मिशा पुसत म्हणाला, "हे पेवाचं हाय का भिंतीले लावाचं?"

गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली. असा विद्यार्थी त्यांनी पाहिला होता. त्यांच्या वर्गातला भागाबाईचा धाकटा असाच होता. बस म्हटलं की उभा राहायचा!

"उलट्या डोक्याचं पोरगं हाय, बाबूसिंग! कमी सांगतलं की जास्त करते. अशाले मारून फायदा नाई. अशाले मायेनं घ्या लागते."

ते आत गेले. हुस्नाबानोंनी चमचा चटकन पदराआड केला. गुरुजींनी मशीनच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, घाबरू नको. कोणी रागावत नाई. एक म्हणजे एक. समजलं?" आणि आकडा एकवर ठेवून, पाठ फिरवून, बाहेर निघून आले. विश्वास टाकला की मूल सुधारतं!

एकवर चार चमचे पडले. ती बाटली उलटी केली तरी दूध खाली येईना. गुरुजींनी फेरपरीक्षा घेतली. फेरपरीक्षेत पाच चमचे! बाबूसिंगनं पेल्यात चमचा उभा करून दाखवला. चमचा ताठ उभा राहिला, पंधरा ऑगस्टच्या काठीसारखा.

"झेंडा लावू का, गुरुजी?"

गुरुजींनी जड मनानं वहीत लिहिलं: 'नापास. पुन्हा त्याच वर्गात.'

नेमक्या त्याच वेळी नाजिया घरात शिरली. सोबतची दोन्ही वेळची पावडर संपली होती. कशिशला टोचलं होतं, भूक लागली होती, आणि तिनं असा सूर लावला होता की समोरच्या झाडावरचे कावळे उडून गेले. नाजियानं घाईनं हात धुतले, डबा उघडला.

डबा रिकामा! मशीनच्या डोक्यावरचं भांडंही रिकामं!

"अब्बा! डबा कुठं गेला?"

"परीक्षेत," गुरुजी म्हणाले.

मग जी धावपळ झाली! गुरुजींच्या मुलाला, अशफाकला, दुकानातून उठवून डबा आणायला पिटाळलं. पहिल्या मेडिकलमध्ये डबा नाही. दुसऱ्यात आहे, पण मोठ्या बाळाचा. तिसरा जेवायला गेलेला! इकडे कशिशचा आवाज चढतच होता. गुरुजींनी तिच्यापुढे कविता म्हटली. बाबूसिंगनं बकरीचा आवाज काढला. हुस्नाबानोंनी ताट वाजवलं. पोरीनं तिघांकडे असं पाहिलं की तिघंही गप्प झाले. पंचवीस मिनिटांनी अशफाक घामाघूम होऊन डबा घेऊन आला. नाजियानं हातानं बाटली बनवली. कशिशनं ती तोंडाला लावली, आणि घर असं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"निकाल काय, अब्बा?" नाजियानं विचारलं.

"नापास. लय घट्ट करते."

"किती बाटल्या केल्या?"

"पाच."

"डबा मी काल उघडला होता. पाच बाटल्यांत अख्खा डबा कसा काय संपते?"

गुरुजींनी बाबूसिंगकडे पाहिलं. बाबूसिंगनं पोटावर हात ठेवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. हुस्नाबानो दारात उभ्या होत्या, मान ताठ, चमचा हातात.

"मंग काय करू? ते मशीन पाण्यावानी दूध काढून राह्यलं होतं! जसजसा तुमी आकडा कमी केला तसतसं आणखीनच पाणी! मी शीग लावली म्हणून तं त्याची इज्जत राह्यली!"

मग बाबूसिंग असा हसला की खुर्ची मागे सरकली. "अवो गुरुजी! तुमी मशीनची परीक्षा घेतलीच नाई, वहिनीची घेतली! अन् पेपर सारे मी पेलो!"

नाजिया मात्र हसली नाही. ती कशिशला मांडीवर घेऊन खाली बसली.

"मशीन तं चांगलं हाय, अब्बा. पण या घरात त्याले एकटं सोडणारं कोणी नाई." तिनं फोन उचलला. "लॅबमध्ये सांगून देतो. नाई जमत म्हणून."

गुरुजींनी वही मिटली. ही पोरगी लॅबच्या शिक्षणाच्या परीक्षांच्या काळात ओट्यावर पुस्तक ठेवून भाकरी थापायची. पहिल्या पगारातून तिनं त्यांना चष्मा घेऊन दिला होता. त्याच चष्म्यातून त्यांना आता तिचा अंगठा फोनवर फिरताना दिसत होता.

"ठेव फोन!" ते म्हणाले. "मी बनवीन. हातानं! सपाट!"

"दाखवा बनवून."

गुरुजींनी बाह्या सारल्या. हात धुतले. उकळलेलं पाणी बाटलीत खुणेपर्यंत घेतलं. चमचा भरला, सुरीच्या पाठीनं वरचा भाग असा सपाट केला की हुस्नाबानोंनी तोंड फिरवलं. चार चमचे टाकायचे होते.

"एक!" गुरुजी म्हणाले आणि थांबले.

थांबलेच!

चौतीस वर्षांची सवय! गुरुजींनी 'एक' म्हणायचं आणि चाळीस पोरांनी 'एक' म्हणायचं. पोरांचा आवाज आल्याशिवाय गुरुजींची गाडी 'दोन'वर कधी गेलीच नव्हती. त्यांनी वाट पाहिली. मग पुन्हा "एक" म्हणाले. मग "दोन" दोनदा म्हणाले. तिसरा चमचा टाकताना हा तिसरा की चौथा, हे त्यांना सांगता येईना. बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या बाटलीचंही तसंच झालं!

"अब्बा, मनात मोजा ना!"

"मनात? मनात मोजते तो चुकते! मनात मोजणाऱ्या पोराले मी कधी पुढं नाई जाऊ देल्लं!"

नाजियाचा हात पुन्हा फोनकडे गेला. गुरुजींनी तिसरी बाटली घेतली. चमचा सपाट केला.

"एक!"

"एक," दारातून आवाज आला. हुस्नाबानोंचा. तोंड अजून फिरवलेलंच होतं.

गुरुजींचा हात सरसावला. "दोन!"

"दोन. सपाट हाय बापा, कंजूस!"

"तीन!"

"तीन."

"चार!"

"चार. अन् आता खुदाच्या वास्ते झाकण लावा!"

नाजियानं बाटली उजेडाला धरली. मग आणखी दोन बनवून घेतल्या. तिन्ही सारख्या! चमचा गुरुजींच्या हातात होता म्हणून शीग चढली नाही, आणि मोजणी हुस्नाबानोंच्या तोंडात होती म्हणून आकडा चुकला नाही. नाजियानं फोन पर्समध्ये टाकला. मशीन खोक्यात घालून पुण्याला परत गेलं, आणि सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना नाजिया लॅबच्या पायऱ्या चढत होती.

तीन आठवडे सगळं असं सुरळीत चाललं की गुरुजी गल्लीत सल्ले द्यायला लागले. दिवसातून तीनदा घरातून 'एक' यायचं, मागून 'एक' यायचं.

मग एका रविवारी नाजिया घरी होती. कामावर जायला लागल्यापासून तिनं स्वतः बाटली बनवली नव्हती. "आज तुमी दोघं आराम करा," म्हणाली, आणि एका मिनिटात गपचूप बाटली बनवून कशिशच्या तोंडाशी नेली.

कशिशनं तोंड मिटून घेतलं.

नाजियानं मांडी बदलली, कूस बदलली, बाटली गालाला लावून पाहिली. पोरगी आईकडे नुसती टकमक बघत राहिली, काहीतरी राहिलंय अशी.

"काय झालं तिले?" नाजिया रडकुंडीला आली.

गुरुजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "मोजलं का?"

"मोजलं की! चार!"

"मोठ्यानं?"

"मनात!"

"मनातलं पोरीले कसं ऐकू येईन?"

नाजियानं इकडेतिकडे पाहिलं. अशफाक झोपला होता. दार लोटलेलं होतं. लॅबमध्ये तिला सगळे 'मॅडम' म्हणायचे. तिनं भरलेली बाटली पुढ्यात धरली, घसा खाकरला आणि हळूच म्हणाली, "एक."

"एक!" स्वयंपाकघरातून हुस्नाबानो ओरडल्या.

कशिशचं तोंड थोडंसं उघडलं.