चष्म्याचा रक्तगट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. बेडूक चिरायचा कंटाळा आला, म्हणून मी विषय घेतला: तरुणांचा रक्तगट आणि त्यांना लांबचं कमी दिसणं. परतूरच्या आमच्या कॉलेजात भेटेल त्याला रक्तगट आणि चष्म्याचा नंबर विचारत फिरले. बी गटात चष्मेवाले जरा जास्त निघाले. सर म्हणाले, एवढ्याशा पोरांवरून काहीच सिद्ध होत नाही. (मला ते पटलंही होतं.)

पुढे एम.एस्सी.साठी औरंगाबादला जायचं माझ्या डोक्यात होतं. नेमकं प्रवेशाच्या तोंडावर अण्णांनी हसनाबादचं स्थळ बोलावलं.

"जमलं तर लगीन, न्हाई जमलं तर औरंगाबाद," अण्णा म्हणाले. म्हणजे माझं शिक्षण पोह्यांच्या ताटलीवर ठरणार.

पाहुणे दारात आले तशी झुंबरआत्यानं माझा चष्मा काढून स्वतःच्या कमरेला खोचला.

"आत्या, मला समोरचं माणूस दिसत नाही."

"तुला कशाला दिसाया पायजे? बघायला ते आलेत."

आता हे मोडायचंच, असं ठरवून मी पाटावर बसले. समोर नुसतं धुकं. त्यातला सगळ्यात पांढरा शर्ट म्हणजे नवरदेव असं धरून मी त्याच्यावर डोळे वटारले. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. हा पोहे खात राहिला.

"काय शिकून राह्यली, बाई?" मुलाच्या आईनं, नंदाबाईंनी विचारलं.

"बी.एस्सी. रक्तगटावर प्रोजेक्ट केलाय. माझा बी पॉझिटिव्ह. या गटाला हमखास चष्मा लागतो. माझा आत्याच्या कमरेला आहे. पुढे लेकरांनाही लागणार." (हमखास हा शब्द सरांनी ऐकला नाही, हे बरं झालं.)

आत्यानं पदर कमरेवर ओढला. अण्णांनी कपबशी दाणकन खाली ठेवली. मी मनातल्या मनात औरंगाबादच्या एसटीत खिडकीजवळ बसले.

"आमच्या मच्छिंद्राचाबी तोच गट हाय," नंदाबाई हळूच म्हणाल्या. "मागं रक्त दिल्तं तवा कळलं. दादा, द्या त्याचा चष्मा. आता काय लपवायचं?"

पांढऱ्या शर्टानं खिशातून काहीतरी काढलं आणि कोपऱ्यातल्या निळ्या शर्टाला दिलं.

म्हणजे इतका वेळ मी भलत्यावरच डोळे वटारत होते.

"मंग गट जुळला म्हणायचा," अण्णा म्हणाले.

"बराबर जुळला. चष्माबी जुळला. आता पत्रिका कशाला बघता?" नंदाबाईंनी दुजोरा दिला.

"अहो, गट जुळून काही होत नसतं. यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही," मी सरांचं वाक्य म्हटलं.

"येवढी शिकली, पण गर्व न्हाई," नंदाबाई म्हणाल्या.

निघताना त्या आत्याला सांगत होत्या, "पोरगी लई वळणाची. येवढ्या वेळात पोराकडं एकदाबी पाह्यलं न्हाई."

आत्यानं तेव्हा कुठे चष्मा परत दिला. तो घालून मी दाराकडे धावले. जीपजवळ पांढऱ्या शर्टातले मुलाचे पन्नाशीचे, टकले मामा माझ्याकडे चोरून बघत होते, आणि मामी त्यांच्याकडे. नवरदेव आधीच जीपमध्ये जाऊन बसला होता. साखरपुड्याची तारीख ठरली. तो मला अजून दिसायचाय.