साहेब थांबला की हसायचं

याकूब पहिल्याच संध्याकाळी हसला आणि तिथंच सगळं बिघडलं.

चौसष्ट सालचा हिवाळा होता. शारजाच्या ब्रिटिश लष्करी छावणीतल्या गेस्ट हाउसात याकूब खानसामा होता. मूळचा बाणकोटचा, बोटीवर भंडारी म्हणून निम्मं आयुष्य पातेली ढवळण्यात घालवलेला. गेस्ट हाउसात यायचे ते बहुतेक विमानं दुरुस्त करणारे इंजिनियर. जेवायचे, झोपायचे, निघून जायचे. याकूबला बोलायला भिंतीच तेवढ्या होत्या. भिंतींना कान असतात म्हणतात, पण तोंड नसतं त्याचं काय करायचं?

अशात विल्मॉट साहेब आला. तो लंडनच्या टेलिव्हिजनसाठी विनोदी नाटुकली लिहायचा आणि स्वतःच बसवायचा. एके काळी त्याची मालिका लागली की निम्मं इंग्लंड कपातला चहा निवेपर्यंत हसत बसे. पुढं काय बिनसलं कोण जाणे, शेवटच्या दोन मालिकांना कुणी हसलंच नाही. तेव्हा वरिष्ठांनी त्याला इथं धाडलं. सैनिकांसाठी एक विनोदी नाटक बसव, आमचा माणूस बघायला येईल, हशा झाला तर नोकरी राहील. ही बातमी छावणीतला कारकून हारुन याला कळली होती, म्हणजे शारजातल्या उंटांनाही कळली होती.

संध्याकाळी साहेब आपलं लिखाण मोठ्यानं वाचून बघे. ऐकायला एकटा याकूब. त्याचं इंग्रजी अंडं, चहा आणि गरम पाणी एवढ्यात संपायचं. पण बाणकोटात पाहुणा बोलत असताना यजमान गप्प बसला, तर पाहुण्याला पानावरून उपाशी उठवल्यासारखं मानतात. साहेब वाचता वाचता थांबला आणि मान वर करून त्यानं याकूबकडे पाहिलं. याकूब हसला. साहेबानं त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीनं खूण केली.

मग हे रोजचंच झालं. साहेब थांबला की याकूब हसायचा. जिथं याकूब हसला नाही, ती ओळ खलास. याकूबही कामचुकार नव्हता. कधी खुदकन हसे, कधी मांडीवर थाप मारून, आणि एकदा तर चहाचा ट्रे खाली ठेवून पोट धरून हसला. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटत होतं. संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख त्याला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

शुक्रवारी हारुन सुरमई खायला आला. त्यानं मुदपाकखान्यात बसून आतलं वाचन ऐकलं. याकूब हसत बाहेर आला तसा हारुननं त्याचा हात धरला.

"याकूबभाई, आत्ता कशाला हसलात?"

"साहेब थांबला ना."

"अहो, त्या नाटकातल्या माणसाची बायको घर सोडून गेली तिथं. साहेबाचाच गळा दाटला, म्हणून थांबला तो."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी पाव भाजता भाजता त्याच्या विजारीनं पेट घेतला. एकदम फुल कॉमेडी. तिथं तुम्ही मय्यतीला आल्यासारखे उभे. ती ओळ काटली साहेबानं."

याकूबच्या पायाखालची वाळू सरकली. "या अल्ला. माणूस हसवायला आलाय आणि मी त्याचा सगळा हशाच काढून टाकला. हारुन, तू सांग रे त्याला."

"मी नाही. तुमची दोस्ती, तुम्हीच सांगा. आणि यल्ला, लवकर सांगा, परवा शो आहे."

याकूब मन घट्ट करून आत गेला. "साहेब, नो," तो म्हणाला, आणि पुढचं इंग्रजी सापडेना म्हणून त्यानं कागदांकडे बोट दाखवलं. साहेबानं त्या बोटाकडे पाहिलं, कागद उलटला आणि उरलासुरला एकुलता एक विनोदही काटून टाकला.

शोच्या दिवशी याकूब हारुनला घेऊन शेवटच्या रांगेत बसला. कुणी हसो न हसो, आपण गडगडाट करायचा आणि साहेबाची लाज राखायची, असं त्यानं ठरवलं होतं. पडदा वर गेला. एक माणूस दोघांचं टेबल मांडून एकटाच जेवत होता आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला दिवसभराच्या गोष्टी सांगत होता. हारुन कानात अर्थ सांगत होता. याकूबनं हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. पुढच्या रांगांतली विशी-बाविशीची गोरी पोरं शर्टाच्या बाहीला नाकं पुसत होती. अख्ख्या नाटकात एकही माणूस हसला नाही.

"खलास," याकूब म्हणाला. "गेली बिचाऱ्याची नोकरी."

हारुन बातमी काढून आला तो डोकं खाजवतच. "लंडनचा माणूस म्हणतो, यापुढं असलंच लिही. रडवणारं. नोकरी पक्की, पगारही वाढला. उद्या सकाळी विमान."

याकूबला आनंद झाला, आणि लगोलग उद्यापासून संध्याकाळ रिकामी हेही ध्यानात आलं. संध्याकाळी त्यानं हारुनला मध्ये घालून सगळं कबूल केलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि हारुनला काहीतरी सांगितलं.

"साहेब म्हणतो, तुम्हाला इंग्रजी येत नाही हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यानं दुधाच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला, तुम्ही त्यालाही हसलात."

"मग ओळी कशाला काटल्या त्यानं?"

"म्हणतो, वाचताना आपण कुठं थांबतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तुम्ही हसलात म्हणून समजलं. जिथं थांबला तेवढंच त्याच्या मनातलं होतं, बाकीचं काटलं." हारुननं साहेबाचं पुढचं बोलणं ऐकलं आणि तो चकित झाला. "आता तुम्ही सांगा म्हणतो, तुमच्या भाषेत. आज ऐकायची पाळी त्याची."

याकूब आयुष्यात पहिल्यांदा गेस्ट हाउसातल्या खुर्चीत बसला.

"मागल्या खेपेला घरी गेलो," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा माझी साजिदा पाळण्यात होती. आता गेलो तर दारात उभी. मला बघितलं न् आत पळाली. आईला, शहरबानूला, सांगते, 'अम्मा, कुणी पाहुणा आलाय. त्याला सांग, अब्बा घरी नाहीत.'"

याकूबचा आवाज अडला. तो थांबला.

साहेब मांडीवर थाप मारून खो खो हसला.

हारुन ताडकन उठला. "नो, नो, साहेब..."

"बस खाली," याकूबनं त्याला ओढलं. "हसू दे त्याला."

ही गोष्ट त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती. ती छातीत अडकलेल्या काट्यासारखी होती, आणि आता साहेबाच्या हसण्यानं तिची गंमत त्यालाही दिसू लागली. डोळे पुसत तोही हसला. मग पुढं काय झालं, असं साहेबानं हातानंच विचारलं. याकूबनं पुढचं सांगायला घेतलं, आणि सांगताना तो मुद्दाम जरा जास्तच वेळा थांबला.