कुठंबाई

आमच्या गावात लेकरू रडायला लागलं की जो तो कारण विचारतो, "कावून रडायलास रे?" एकट्या चंद्रकलाबाई तेवढ्या विचारतात, "कुठं?"

रडणाऱ्यासमोर उकिडवं बसायचं, त्याच्या नाकासमोर नाक आणायचं आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "कुठं व्हायलंय?" नवख्या माणसाला वाटावं, पोर पडलंबिडलं असेल, बाई जखम शोधताहेत. पण बाई शोधत असतात राग, भ्याव, हेवा, लाज. ते अंगात कुठल्या जागी आहे, इथून त्यांचा तपास सुरू होतो. गावानं त्यांचं नावच कुठंबाई ठेवलंय. तोंडावरसुद्धा म्हणतात आणि बाई ओ देतात.

चंद्रकलाबाई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावपासून फटफटीवर जरा आत. मी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवतो. माझा वर्ग आणि अंगणवाडी यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीला एक खिडकी आहे. तिला झडप नाही. त्यामुळे माझ्या वर्गातली बेरीज पलीकडं जाते आणि पलीकडचा राग-लोभ माझ्याकडं येतो. बेरीज किती जणांना समजली ते देव जाणे, राग-लोभ मात्र मी बराच शिकलो.

"कावून इचारलं की पोरगं खोटं बोलतं, सर," बाईंनी एकदा मला समजावून सांगितलं. "मारलं म्हणल, पडलो म्हणल, तिसऱ्याचंच नाव घील. कुठं इचारलं की बोट दावतं. बोट खोटं बोलत न्हाई."

अंगणवाडीच्या भिंतीवर तालुक्याहून आलेलं एक रंगीत चित्र आहे. चार गोल चेहरे, खाली नावं: आनंद, दुःख, राग, भीती. बाईंनी ते आल्या दिवशी मन लावून पाहिलं, पोरांना दाखवलं. दुःखाच्या चेहऱ्याकडं बोट करून विचारलं, ह्याला काय झालं? सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "दाढ दुखायली!" बाईंनी मान डोलावली. मग मला खिडकीतून म्हणाल्या, "चित्र ग्वाड हाय बगा. पर ह्यांला अंगच न्हाई. निस्त्या मुंडक्याला राग यावा कुठून?"

दुसऱ्या दिवसापासून खडूचा माणूस सुरू झाला. सकाळी एका पोराला फरशीवर उताणं निजवायचं, त्याच्या कडेनं खडू फिरवायचा, पोर उठलं की खाली माणूस उरतो. मग प्रत्येकाला एक चिंचोका. ज्याचं जिथं काही होतंय त्यानं तिथं चिंचोका ठेवायचा आणि बाईंनी त्याला नाव द्यायचं. छातीवर ठेवला तर बाई म्हणणार, "धडधड व्हायली व्हय? मंग ह्याला भ्याव म्हणायचं." नाकावर ठेवला तर राग. घशात ठेवला तर, "आवंढा. रडू यिऊन अडकलंय. यिऊ दे." पायावर हमखास दोन-तीन चिंचोके असतात. ते ज्यांना पळायचंय त्यांचे. बाई त्यांना एक चक्कर मारून यायला सांगतात.

हे सगळं आपल्या भाषेत आधीपासूनच होतं, हे मला त्या खिडकीपाशी उभं राहून कळलं. राग नाकावर, गोळा पोटात, आनंद पोटात न मावणारा, जीव टांगणीला. आपण नुसतेच बोलत आलो, बाईंनी ते पोरांना जागच्या जागी दाखवलं. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. "तळपायाची आग मस्तकाला गेली" हे ऐकून माळ्याच्या पोरानं चप्पल काढून दोन्ही तळवे तपासले आणि विझली म्हणून सांगितलं. अंगाचा तिळपापड होतो म्हटल्यावर आणखी एकानं घरी जाऊन तो मागितला.

सगळ्यात गाजलं ते गणप्याचं प्रकरण. गणप्या घरी जाऊन आजीला म्हणाला, "पोटात गोळा आलाय." आजी बिचारी जुनी बाई. तिनं ओवा चावायला दिला, पोटाला तेल लावलं, मग बेंबीची वट्टी सरकली म्हणून ती बसवणाऱ्या म्हातारीला बोलावलं. म्हातारीनं गणप्याला आडवा घातला आणि बेंबीभोवती असा काही अंगठा फिरवला की पोराची बोंब वेशीपर्यंत गेली. बोंब ऐकून बाई हातातली कढई तशीच घेऊन पळत आल्या. "आवं सोडा त्याला! त्यो गोळा वट्टीचा न्हाई, भ्यावाचा हाय!" शेजारच्यांचा कोंबडा येता-जाता गणप्याला टोचत होता, एवढंच होतं. कोंबड्याला टोपलीखाली डाललं, गोळा गेला. तेव्हापासून आमच्या गावात गोळ्याच्या दोन जाती झाल्या. कुणाचं पोट दुखलं की आधी विचारतात, "वट्टीचा का बाईंचा?"

बाईंच्या हाताखालून निघालेली पोरं मग माझ्याकडं पहिलीत येतात. म्हणजे माझी काय दशा होत असेल बघा. मी पाढे चुकले म्हणून छडी आपटली की पहिल्या बाकावरून शांतपणे सूचना येते, "सर, तुमचा राग अजून नाकावरच हाय. डोक्यात जाऊ दिऊ नका." अशा वर्गावर रागवायचं तरी कसं?

रुसव्याचं शास्त्र तर बाईंनी अगदी पक्कं बसवलंय. दाराआड एक पोतं अंथरलेलं असतं, ते रुसायचं पोतं. राग आणि रुसवा एकत्र केलेले त्यांना चालत नाहीत. "राग उतरतो. भ्याव मोडतं. रुसवा मातर काढावा लागतो, आन् ज्याच्यावर रुसलं त्यानंच काढावा." एकदा मेंढरं राखणारे विठोबा आबा, वय झालेला माणूस, सून नीट बोलली नाही म्हणून भर दुपारी काठीसकट त्या पोत्यावर येऊन बसले. बाईंनी त्यांच्यापुढं खिचडीची वाटी ठेवली आणि पोराकरवी सुनेला निरोप धाडला. सून आली, "चला की ओ मामा, भाकरी निवायल्यात," म्हणाली. आबा उठले. बाकीची पोरं जरा सरकून त्यांना वाट देत होती.

रडण्याच्या आवाजावरून तर बाई रस्त्यावरून चालता चालता सांगतात: हे भुकेचं, हे झोपेचं, हे दुसऱ्याला मिळालं म्हणून. मी कितीदा मुद्दाम जाऊन खात्री केली, बाई चुकल्याचं आठवत नाही. थक्क व्हावं असं फार काही माझ्या नोकरीत घडत नाही. बाईंपुढं मात्र मी थक्क होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण राधानं बाईंना अडवलं.

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी दारं कुलपात जातात. टोळ्या ट्रॅक्टरवर संसार लादून ऊसतोडीला निघतात. कुणी लेकरं सोबत नेतात, कुणी आजी-आजोबांपाशी ठेवतात. राधा मागच्या साली फडावर सारखी आजारी पडली होती. खोकला हटेना, अंगात ताप. म्हणून यंदा तिच्या आईनं, शीतलनं, काळजावर दगड ठेवला आणि तिला आजीजवळ ठेवलं. चार वर्षांची पोर. अंगणवाडीत यायची, भिंतीला टेकून बसायची. बोलायची नाही. रडायचीसुद्धा नाही.

आमच्या गावात मोबाइलची रेंज मिळते ती अंगणवाडीच्या पायरीवर. दुपारी ऊस भरायला गाडी लागली की शीतल तिकडून फोन करायची. आजी फोन घेऊन पायरीवर यायची, राधाच्या कानाला लावायची. पलीकडून साऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज, "राधे, बोल की गं माय. जेवलीस का?" राधा तोंड फिरवायची.

"रुसलीय तुज्यावर," आजी फोनमध्ये सांगायची.

"रुसली न्हाई, इसरली मला," शीतल रडायची. एक दिवस ती म्हणाली, "ऐतवारी मुकादमाची गाडी गावाकडं येणार हाय. तवर बोलली न्हाई तर तिच्यात बसवून धाडा तिला. मरू दे तो खोकला. लेकरू परकं व्हण्यापरीस ते बरं."

बाईंनी फोन हातात घेतला. "इसरली न्हाई गं. रुसलीबी न्हाई. रुसलेलं पोरगं तिरक्या डोळ्यानं बघतं, कुणी मनवायला येतंय का म्हणून. ही बघतच न्हाई. मला धुंडू दे जरा."

आणि बाई धुंडत राहिल्या. रोज खडूचा माणूस, रोज राधाच्या हातात चिंचोका, रोज बाई तिच्यासमोर उकिडव्या, "कुठं व्हायलंय, माय?" बाकीची पोरं चिंचोके ठेवून मोकळी व्हायची. राधा आपला मुठीत धरून बसायची. पोट? नाही. घसा? नाही. छाती? पोरगी नुसती बघायची. मी मध्ये माझी अक्कल चालवली, तिला गोळ्या-बिस्किटं दिली. तिनं ती शेजारच्या पोराला दिली. शनिवार आला तसं बाईंचं जेवणातही लक्ष राहिना. आजीनं तिकडं राधाचं बोचकं बांधायला घेतलं.

शनिवारी सकाळी मी फळ्यावर वजाबाकी मांडत होतो. पलीकडं एकदम सामसूम झाली. अंगणवाडी आणि सामसूम, म्हणजे काहीतरी बिघडलं, म्हणून मी खिडकीत गेलो. राधा उठली होती. ती खडूच्या माणसापाशी आली, त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि त्याला ओलांडून पुढं गेली. उंबरा ओलांडला, पायरी उतरली, रस्त्यापर्यंत चालत गेली. ट्रॅक्टर गावाबाहेर निघताना जिथं वळतात, तिथं ती वाकली आणि चिंचोका रस्त्याच्या कडेला ठेवला. मग परत येऊन आपल्या जागेवर बसली.

बाईंनी तोंडावर हात धरला होता.

"आवं सर," त्या खिडकीकडं न बघता म्हणाल्या, "हिचं हिच्यात न्हाईच. मी येडी अंगात धुंडायले."

त्या राधाजवळ जाऊन बसल्या. उकिडव्या नाही, मांडी घालून. "करमंना व्हय गं तुला?"

राधानं मान वर केली.

"ह्याला करमंना म्हणायचं. दुखत न्हाई, खुपत न्हाई, खेळावं वाटंना, जेवावं वाटंना. आपलं मन तिकडं आन् आपण हिकडं. म्हण, करमंना."

"करमंना," राधा म्हणाली. टोळी गेल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

करमतं का, हे आपण नव्या सुनेला विचारतो. बदली होऊन आलेल्या मास्तरालाही विचारतो. मला साऱ्या गावानं विचारलं होतं. एवढ्याशा लेकराला कुणी विचारत नाही. आपल्याला वाटतं, त्याला काय कळतंय, दोन दिवसांत विसरेल. भिंतीवरच्या चार चेहऱ्यांत हा चेहरा नाही, आणि असता तरी तो काढायचा कसा? चेहऱ्यावर काहीच नसतं.

दुपारी आजी फोन घेऊन पायरीवर आली, मीही जाऊन उभा राहिलो. चेहरा उतरलेला, उद्याचा रविवार डोळ्यापुढं. बाईंनी फोन घेतला आणि राधाच्या कानाला लावला. आज राधानं तोंड फिरवलं नाही.

"आये," ती म्हणाली. "करमंना."

पलीकडून मोळ्या गाडीत पडल्याचा आवाज आला. मग शीतल म्हणाली, "मला बी गं राधे. मला बी लई करमंना."

"तुला बी?"

"व्हय माय. रोज."

एवढ्या मोठ्या आईलाही तेच होतंय, हे कळल्यावर पोरीचा चेहरा असा काही सैलावला की मी बघतच राहिलो. तिला वाटत असावं, हे जगात आपल्या एकटीलाच झालंय. ती बोलायला लागली. शेळी व्याली, करडू झालंय, गणप्याला कोंबडा पुन्हा टोचला, सगळं. आजी पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होती. शीतल म्हणाली, गाडीत धाडू नका, राहू द्या तिथंच, मी रोज फोन करते.

बाई फोन धरून उभ्या होत्या. त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नाही. मालक जाऊन पुष्कळ दिवस झाले, मुलगा चाकणला कंपनीत, तो सणावाराला येतो. अंगणवाडी सुटली तरी बाई दिवे लागेपर्यंत तिथंच असतात, घासलेली भांडी पुन्हा घासतात. कामाची बाई, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो.

रस्त्याकडं बघत बाई अगदी हळू म्हणाल्या, "मला बी."

मला वाटलं, एवढं हळू बोललेलं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नसेल. पण राधा बोलता बोलता थांबली. तिनं मान वर करून बाईंकडं पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाली, "आये, बाईंला बी करमंना. तू बोल बाईंसंगं." आणि बाईंचा हात धरून तिनं फोन त्यांच्याच कानाकडं ढकलला.

पलीकडून शीतलचा आवाज आला. "बाई? जेवलात का ओ?"

बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. राधानं त्यांचा पदर ओढला.

"सांगा की," ती म्हणाली.