बायकोचा कंदील आणि माझा सौदा

माणसाने विश्वास ठेवावा तरी कुणावर, तुम्हीच सांगा? मी आपला दुकानदारावर ठेवतो. (स्वतः बटणं आणि अस्तरं विकतो म्हणून असेल.) त्यामुळे आमच्या हिच्या व्हिडिओ गेममध्ये मला एकच पात्र पटलं: तळ्याकाठचा मिशीवाला दुकानदार. नायक म्हणजे नुसता उनाड. दिसेल त्या घरात शिरतो, मडकी फोडतो, आणि वर लोक त्याचेच आभार मानतात. मिशीवाला मात्र ऊन असो, धुकं असो, गल्ल्यावर हजर.

हिचा पाय मोडला, तीन महिन्यांचं प्लास्टर. मेहुणीने करमणुकीला हा गेम आणून दिला. हिचा जीव जडला नावाड्यावर. तो कधी बोलत नाही. वल्ह्यावर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत बसतो. तळ्यापलीकडे एक बेट, कायम निळसर धुक्यात. प्लास्टर निघायच्या आत तिथे जायचं, असं हिने ठरवलं होतं. पलंगाला खिळलेल्या बाईला हिंडायला तेवढंच एक गाव उरलं होतं. (मीही कधी शेजारी टेकलो की चहा निवून जायचा, आणि पायाला गार पाणी लागतंय असं वाटायचं.)

एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो. हिला झोप लागली होती. गेम चालूच होता. तळ्यावर ऊन लोळत होतं. संगीत इतकं मंद, की पंख्यातून झिरपतंय असं वाटावं. मी सहज हिची गेममधली पिशवी उघडली. आत शिंपले, पिसं, काच तडकलेला एक कंदील. डेड स्टॉक! तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला अडगळ बघवत नाही. सगळं मिशीवाल्याला विकून टाकलं. एकट्या कंदिलाची एकशे त्रेपन्न नाणी आली, तीही घासाघीस न करता. (तिथेच शंका यायला हवी होती.) त्या सगळ्या पैशात हिच्यासाठी लाल टोपी घेतली आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

ही उठली. आधी टोपी पाहिली, मग पिशवी.

"अहो, कंदील कुठे आहे?"

"विकला. चांगला भाव आला."

हिने पिशवी मिटली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या उजेडाशिवाय नावाडी धुक्यात नाव घालत नाही. दीड महिना लागला मला तो मिळवायला. उद्या निघणार होते."

प्लास्टर निघायला अठरा दिवस उरले होते.

मी तडक मिशीवाल्याकडे गेलो. त्याने कंदिलाची नेमकी चौपट किंमत सांगितली. टोपी परत घेईना. (माझ्याही दुकानात तशी पाटी आहे.) घासाघीस करावी, तर पडद्यावर दोनच शब्द: हो, नाही. मग ठेवणीतला डाव काढला. 'राहू दे' म्हणत पायऱ्या उतरलो. गिऱ्हाईक तिसऱ्या पायरीवर गेलं की हाक मारायची, हे मी जन्मभर करत आलोय. अकरा वेळा उतरलो. हाक नाही. बाराव्या वेळी हिला हसू फुटलं.

"अहो, तो नाही बोलावणार. त्याला कुठे दुकानाचं भाडं भरायचंय?"

मग उरली मजुरी. तळ्यातला एक खेकडा पकडला की एक नाणं. सतरा दुपारी आमच्या घरात खेकडेच चालले होते. सतराव्या दुपारी कंदील परत आला. नावाड्याने वल्हं उचललं, धुकं पडद्यासारखं बाजूला सरत गेलं. बेटावर काहीच नव्हतं. पांढरी फुलं गाळणारं एक झाड, खाली बाक. हिने नायकाला बाकावर बसवलं. फुलं पडत राहिली. हिचा हात माझ्या बाहीवर कधी आला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. मेहुणी आली, तेव्हा सहाशे बारा खेकडे आपण एकटीनेच पकडले, असं हिने बिनदिक्कत सांगितलं. तुम्हालाही सांगेल. माझी एवढीच विनंती, हिशेब प्रामाणिकपणे मांडा: नऊ खेकडे माझे आहेत. पहिल्या दुपारचे. नंतर त्या संगीतावर माझा रोज डोळा लागायचा.