मौनी टिटवीची नेमणूक

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फक्त राखणदार नव्हता. दुपारी जेवणं झाली की सगळे प्राणी तळ्याकाठी आडवे व्हायचे आणि जागं राहायला कुणीच तयार नसायचं. शेवटी वाघमहाराजांनी दवंडी पिटवली: इच्छुकांनी पळसाच्या पानावर बायोडेटा लिहून आणावा.

त्या जंगलात द्वारका नावाची टिटवी राहायची. जरा कुठे पाचोळा वाजला की ती अशी ओरडायची की टेकडीपलीकडचे ससेसुद्धा उठून बसायचे. तिला वाटलं, ही नोकरी आपलीच. तिने लिहिलं: 'नजर तीक्ष्ण. झोप कमी. आवाज मोठा.'

पान देण्याआधी तिने ते साळुंकीला दाखवलं. साळुंकी काही महिने शहरात एका ऑफिसच्या खिडकीवर राहून आली होती. तेवढ्या अनुभवावर ती आता सगळ्या जंगलाचे बायोडेटा सुधारून द्यायची.

"असं तर कुणीही लिहील," साळुंकी म्हणाली. "वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेल असं काहीतरी घाल. तुझं स्वतःचं."

द्वारकाने खूप आठवून पाहिलं. पण तिची अंडी वेळेवर फुटली होती, पिल्लं नीट उडाली होती आणि नवराही बरा होता. काळजाला भिडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. साळुंकीला तिची फार दया आली. तिने पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर सुबक अक्षरात लिहिलं: 'एका पुरात माझं घरटं वाहून गेलं. त्या दिवसापासून मी मौन धरलं आहे.'

द्वारका घाबरली. राखणदाराला ओरडावं लागतं, हे तिने चाचरत सांगून पाहिलं.

"ते नोकरी लागल्यावरचं," साळुंकी म्हणाली. "आधी लागू तर दे."

वाघमहाराजांनी पान वाचलं, डोळे पुसले आणि पान न उलटताच द्वारकाची नेमणूक केली. पाहुणे आले की ते त्यांना मुद्दाम तळ्यावर आणायचे आणि ही आमची मौनी राखणदार, असं हलक्या आवाजात सांगायचे. पाहुणेही मान खाली घालायचे. ओरडणं दाबून दाबून बिचारीचा गळा सुजला. सुट्टीच्या दिवशी ती लांब माळावर जायची, एखाद्या रिकाम्या बिळात तोंड घालायची आणि पोटभर ओरडून यायची.

एके दुपारी सगळे घोरत असताना टेकडीवरून धूर उतरला. वणवा लागला होता. द्वारकाने खाली पाहिलं. हरिणी पिल्लांना कुशीत घेऊन झोपली होती. तोंड उघडलं तर नोकरी जाणार, हे द्वारकाला ठाऊक होतं.

ती ओरडली. आठवडाभर साठलेलं सगळं ओरडली.

जंगल खडबडून जागं झालं आणि धडाधड तळ्यात उतरलं. आग काठाकाठाने निघून गेली. कुणाच्या शेपटीचा केससुद्धा जळला नाही.

वाघमहाराज गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. त्यांनी द्वारकाकडे दुखावल्या नजरेने पाहिलं.

"तुम्ही बोलता?" ते म्हणाले. "आम्ही तुमच्यासाठी रडलो होतो."

पाण्यातच चौकशी झाली. खोटी माहिती दिल्याबद्दल द्वारकाला काढून टाकण्यात आलं. तिच्या जागी कासवाला नेमलं. त्याने जन्मात कधी आवाज काढला नव्हता, याला सगळ्या तळ्याची साक्ष होती. साळुंकीला निवड समितीवर घेतलं, कारण तिला बायोडेटातलं फार कळायचं.

द्वारका पलीकडच्या काठावर राहायला गेली. हरिणी आता पिल्लांना घेऊन तिकडेच झोपते. मात्र कुणी विचारलं तर कासवाच्या कामाचं मनापासून कौतुक करते.

तात्पर्य: बायोडेटात आपली एखादी हृदयद्रावक आठवण जरूर घालावी. फक्त नोकरी लागल्यावर, ज्यासाठी घेतलं ते काम चुकूनही करू नये.