गांठसोडीचे शिक्क्याचा मामला

श्री. आधीं ओळख पटो, मग दार उघडो. जो ओळखीवांचून दार उघडील त्याचे घरीं जें होईल तें त्यास मुबारक. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध त्रयोदशीस एका राज्यांत जो मामला गुदरला तो जैसा जाहला तैसा लिहिला आहे. राज्याचें नांव पुसूं नये. त्या राज्यास भूमि नाहीं, तख्त नाहीं, तोफखाना नाहीं. दौलत आहे ती प्रोग्रामाच्या ओळींची, आणि ती उघड्यावर मांडिलेली, ज्यास पाहिजे त्यानें फुकट न्यावी, वाचावी, सुधारावी, ऐसी पूर्वापार वहिवाट. त्या दौलतींत मुख्य वस्तु गांठसोड. यंत्रायंत्रांतून जीं बांधलेलीं गाठोडीं येतात जातात तीं सोडून आंतील माल नीट मांडून देणें हें तिचें काम, आणि तें काम ती इतकें मुकाट्यानें करी कीं इस्पितळें, पेढ्या, वीजघरें, सरकारी कचेऱ्या दरोबस्त तिजवर चालत आणि तिचें नांव एकासही ठाऊक नसे. जें मोडत नाहीं त्याची आठवण थोरांस होत नाहीं, हा राजनीतीचा पहिला सिद्धांत होय.

फुकट वस्तूस चोर फार. कोणीही गांठसोडीसारखी दुसरी करून, आंत विष भरून, तेंच नांव देऊन बाजारांत टांगावी, त्यास अडकाठी काय? सबब राज्यांत शिक्का होता. त्याचीं अंगें दोन. एक गुप्त, तें बोटाएवढ्या धातूच्या कांडींत बंद, शिक्केकरणीचे हातीं. दुसरें चावडीवर टांगलेलें, सर्वांस खुलें. गुप्त अंगानें उठविलेला ठसा चावडीवरील अंगाशीं जुळला तर माल खरा, न जुळला तर खोटा. आणि वहिवाट ऐसी कीं ठसा उठतांच दोघांनीं आपापले घरीं तो जुळवून "जुळला" म्हणावें, मगच डंका वाजवावा. आणि कांडी शिक्केयंत्रावांचून दुसरे यंत्रास लावूं नये. हा शिक्का शाल्मलीबाई कर्णिक यांजकडे होता. बाई पोटासाठीं कॉलेजांत गणित शिकवीत आणि राज्याची चाकरी बिनवेतन करीत. त्यांचा आवाज कधीं चढत नसे. ज्यांस त्यांची ओळख होती ते याच गोष्टीस भीत.

त्रयोदशीचे दोन दिवस आधीं इनायत मुजावर म्हणोन राज्यांतील शोधक गृहस्थ, त्यांस गांठसोडींत भगदाड दिसलें. कपटानें बांधलेलें गाठोडें सोडावयास गेलें कीं गांठसोड आपलेच घराची कडी आंतून काढून देई, आणि चोर सुखें प्रवेश करी. इनायतभाईंनीं अन्न गोड न लागतां दुरुस्ती केली आणि ती बाईंकडे धाडिली. आतां उरलें इतकेंच कीं बाईंनीं शिक्का उठवावा आणि माल कोठाराचे देवडींतून आंत घालावा, म्हणजे जगानें तेथून न्यावा. बाई शिक्केयंत्रापुढें बसल्या. कारभारी रणधीरराव दळवी आणि इनायतभाई आपापले गांवीं बसून यंत्रावर एकमेकांचीं तोंडें पाहत होते. बाईंनीं दस्तक, म्हणजे आपले ओळखीचा परवाना, देवडीवर रुजूं केलें, देवडी बोलिली, "ओळख पटत नाहीं." बाईंनीं कांडी लावून शिक्का उठवूं पाहिला, यंत्र बोलिलें, "शिक्का निरुपयोगी." कां निरुपयोगी, कोणत्या गुणें निरुपयोगी, याचा खुलासा किमपि नाहीं. यंत्रांस बोलावयास ज्यांणीं शिकविलें त्यांस बोलावयास कोणीं शिकविलें नव्हतें, हें उघड आहे.

मग उपाय आरंभिले. जुनें दस्तक फाडून नवें केलें. देवडी तेंच बोलिली. परवलीचा शब्द बदलिला, तेंच. कांडी काढून पुसून फिरून लाविली. यंत्रानें पुन्हा निरुपयोगी म्हटलें, आणि बाईंस तें आपणांसच म्हटल्यासारखें लागलें, परंतु चर्या पालटली नाहीं. तों दुपार जाहली, आणि इनायतभाई एकदम ताठ बसून बोलिले, "बाई, वाईट खबर आहे. बाजारांत गांठसोडीचे नांवें दुरुस्ती टांगली आहे. आपली नव्हे. शिक्का नाहीं, आंत काय आहे तें अल्ला जाणे." रणधीररावांनीं कपाळास हात लाविला. आणि इकडे रयतेच्या शिव्या येऊं लागल्या कीं भगदाडाची बातमी फुटली, दुरुस्ती कोठें आहे, शिक्केकरीण झोंपली काय. फुकट जेवणारा मीठ कमी म्हणतांना कधीं लाजत नाहीं.

रणधीरराव बोलिले, "बाई, हा शिक्का गेला म्हणा. नवा पाडूं, चावडीवर टांगूं, आणि सुटूं."

बाई बोलिल्या, "रणधीरराव, आज बाजारांत चोर उभा आहे. तो उद्यां काय करील? नवा शिक्का पाडील, चावडीवर टांगील, आणि म्हणेल जुना गेला. तेंच आपण आज केलें तर आपणां दोघांत भेद कोणता, तो रयतेस तुम्हीं समजावून सांगाल?"

तेव्हां एका थोर कोठीचा वकील धनेश्वर लोटलीकर यंत्रावर मध्येंच येऊन बसला. ही कोठी बहुत नामांकित, तिचीं हजारों यंत्रें गांठसोडीवर चालत, आणि तिणें राज्यास आजवर एक बरा शब्दही दिल्हा नव्हता. वकील गोड बोलिला, "बाईसाहेब, आपले कष्ट आम्हीं जाणतों. परंतु वेळ जातो. दुरुस्ती तशीच सोडा, शिक्क्यावांचून. शिक्का पाहतो कोण?"

"मी पाहतें," बाई बोलिल्या.

"तर मग शिक्का आमचे कोठीचे हवाली करा. आमचेकडे मनुष्यें आहेत, पहारे आहेत, चोवीस तास जागणारे आहेत."

"इतकीं मनुष्यें आहेत, तर गांठसोडीच्या चार ओळी वाचावयास एकासही सवड कां जाहली नाहीं? भगदाड या इनायतभाईंनीं काढिलें. ते दुकान सांभाळून हें करितात."

वकिलाचें हंसूं तसेंच राहिलें, आवाज मात्र फिरला. "बाईसाहेब, मी आर्जव करीत नाहीं. आज कोणाचें घर फुटलें तर दुनिया आपलें नांव घेईल. आमची कोठी तर घेईलच, आणि मोठ्यानें घेईल."

बाई बोलिल्या, "घ्यावें. कर्णिक लिहितांना दीर्घ काढूं नका. वस्तु मी फुकट देतें, ती माझी मर्जी. शब्द फुकट देत नाहीं. ठशाविना माल या हातून जाणार नाहीं, मग तुमची कोठी जळो कीं माझें नांव जळो. आतां मला विचार करूं द्या." ऐसें म्हणून त्यांणीं वकिलाचा आवाज बंद केला. त्याचें तोंड हलत राहिलें, तें कोणीं ऐकिलें नाहीं.

बाई बोलून गेल्या खऱ्या, परंतु भगदाड उघडें होतें, तें प्रत्येक इस्पितळांत उघडें होतें, आणि हट्टापायीं एक जरी घर फुटलें तर तें पाप शिक्क्यानें पुसलें जाणार नव्हतें. हें त्यांस वकिलाहून अधिक कळत होतें. त्यांणीं हात मांडीवर ठेविले आणि गणित मांडिलें. नित्याचे यंत्रावरून देवडीस पुसून पाहिलें. देवडीनें तत्काळ ओळखिलें आणि आदरानें आंत घेतलें. म्हणजे दस्तक खरें, देवडी शहाणी. दोष शिक्केयंत्रांत. आतां त्या यंत्रावरून दोन साक्षीदार बोलतात: देवडी परमुलखांतील, कांडी माझे हातांतील, एकमेकांस कधीं भेटलेले नाहींत, आणि दोघे एकाच वेळीं मला खोटी म्हणतात. जे परस्परांस ओळखत नाहींत ते एकच खोटें बोलूं लागले तर दोघांचे कान भरणारा एक असला पाहिजे. दस्तकावर काय असतें? कोणते घटकेस दिल्हें तें. शिक्क्यास काय असतें? कोठवर चालेल ती मुदत. दोघेही एकच गोष्ट पुसतात.

बाईंनीं शिक्केयंत्रास पुसिलें, आज तिथि कोणती? यंत्रानें बिनदिक्कत शके एकोणीसशें एकोणपन्नास सांगितलें. म्हणजे प्लवंग नाम संवत्सर. प्लवंग म्हणजे वानर, हें विद्वानांस सांगणें नलगे. आणि मध्यें येणारें पराभव नाम संवत्सर त्या यंत्रानें न भोगतांच ओलांडिलें होतें, जें भाग्य पृथ्वीवर आणखी कोणास लाभलें नाहीं. शिक्क्याची मुदत पराभवाचे अखेरपावेतों. यंत्राचे लेखीं ती केव्हांच सरली होती. आणि येऊं घातलेले घटकेचें दस्तक घेऊन आलेल्यास देवडीनें ओळखावें तरी कसें?

बाई हळू बोलिल्या, "रणधीरराव, गेल्या नारळी पौर्णिमेस तुम्हीं माझे घरीं होतां."

"होतों कीं. काय तो नारळीभात!"

"भाताआधीं काय केलेंत?"

रणधीररावांचें तोंड उतरलें. "मुदत सरल्यावर शिक्का कसा वागतो तें पाहावयाचें होतें, म्हणोन यंत्राचें घड्याळ पुढें सारिलें. तें आपणहून मागें येऊं नये म्हणोन वेळ सांगणाऱ्या सर्व्हराशीं असलेला धागा तोडिला. मग आपण पानें वाढलीं म्हणालां..." इतकें बोलून त्यांणीं डोळे मिटले. "बाई, मला तोफेचे तोंडीं द्या."

"तोफखाना नाहीं आपल्याकडे," इनायतभाई बोलिले, "असता तर तोही दोन वर्षें आधींच उडाला असता."

बाई हंसल्या नाहींत, परंतु खांदे सैल जाहले. त्यांणीं धागा जोडिला, आणि यंत्र वानराचे संवत्सरांतून माणसांचे संवत्सरांत आलें. मग कांडी लाविली; ठसा उठला. मग दस्तक दिल्हें, देवडी उघडली. इनायतभाईंनीं आपले घरीं ठसा चावडीशीं ताडून म्हटलें, "जुळला." रणधीररावांनीं दोनदां ताडून, घसा खाकरून म्हटलें, "जुळला." आणि डंका वाजला, आणि इस्पितळें, वीजघरें, कचेऱ्या, जीं जीं ठशाची वाट पाहत थांबलीं होतीं, त्यांणीं माल नेला आणि भगदाड बुजविलें.

मग बाईंनीं वकिलाचा आवाज मोकळा केला. तो बोलिला, "आतां काय उपयोग? आमचे येथें दुरुस्ती दुपारींच बसली. आपण उगीच दिवस घालविलात."

बाईंनीं पुसिलें, "कोठून बसली?"

"बाजारांतून. नांव गांठसोडच होतें."

"ठसा ताडिला?"

"ठसे ताडण्याची चौकी आमचे येथें फार दिवस बंद आहे. तिजमुळें कामास खोळंबा होई."

वकिलास आपलेच शब्द हळूहळू ऐकूं आले आणि त्याचा रंग उडाला. "बाईसाहेब," तो बोलिला, "आम्हीं काय करावें?"

बाई बोलिल्या, "सर्व यंत्रांचे बाहेर जाणारे धागे आतांच्या आतां तोडा. काय काय गेलें तें पाहा आणि ज्यांचें गेलें त्यांस आजच सांगा. मग चौकी उघडा, आणि खरा माल कोठारांतून न्या. तो फुकट आहे, तुम्हांसही. शिक्का मागावयास मात्र पुन्हा येऊं नका. जो ठसा पाहत नाहीं तो शिक्का घेऊन करील काय?"

येणेंप्रमाणें मामला जाहला. थोर कोठीनें पुढें जाहीरनामा काढिला, त्यांत परकी फितुराची निंदा आणि आपले सावधपणाची स्तुति होती, गांठसोडीचें नांव नव्हतें. राज्यानें त्यास उत्तर दिल्हें नाहीं. तेव्हांपासून वहिवाट ऐसी पडली कीं शिक्का उठविण्यापूर्वीं यंत्रास मोठ्यानें तिथि पुसावी, आणि जेवावयास त्यानंतर बसावें. रणधीरराव कारभारावर कायम आहेत. भगदाडें आणखी निघतील. कांडी बाईंचेच हातीं आहे. ठसा पाहून वाचावें. इति मर्यादा.