एकही शिंतोडा नाही

टोकावड्याच्या फाट्यावर लोक भर उन्हाळ्यातही छत्री घेऊन जात. पाण्याचा पाइप फुटून तिथे बारमाही डबकं झालं होतं. एसटी आली की छत्री आडवी उघडायची, चिखल झेलायचा, ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि पुढे चालू लागायचं. पाइप दुरुस्त करा म्हणून कुणी कधी भांडलं नाही. छत्रीने भागत होतं.

एका वर्षी मोटारीची जाहिरात करणारी मंडळी नेमकी या डबक्याच्या प्रेमात पडली. नवी मोटार डबक्यातून भरधाव जाणार, काठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यातला शेतकरी शांत उभा, आणि त्याच्या अंगावर एकही शिंतोडा नाही! त्यासाठी त्यांनी झुपकेदार मिशांचा महिपत पकडला. पण गाडी जवळ आली की महिपतची छत्री फाडकन उघडे. छत्री काढून घेतली, तर गडी उडी मारून शेताच्या बांधावर.

"काका, गाडीपे भरोसा रखो ना!" डायरेक्टर रडकुंडीला आला.

"माझा हाय वो. पायांचा नाय," महिपत म्हणाला.

शेवटी त्यांनी महिपतला सकाळी एकट्याला उभं केलं, गाडी दुपारी एकटीच पळवली आणि मुंबईला नेऊन पडद्यावर दोघांना जोडलं.

जाहिरात लागली आणि महिपत गाजला. बातम्यांच्या आधी महिपत, क्रिकेटच्या मधे महिपत. वाशिंदला कारखान्यात सुपरवायझर असलेल्या जगदीशरावांनीही ती पाहिली. महिपतच्या पोराचं, अनिलचं स्थळ त्यांच्या हर्षालीला सांगून आलं होतं. पोरांची पसंती होती, पण पोरगी एवढ्या आडबाजूला द्यायला बापाचं मन होत नव्हतं. टीव्हीवर दिसणारा व्याही म्हटल्यावर ते झालं. रविवारी घर बघायचं आणि जमलं तर तिथेच सुपारी फोडायची, असं ठरलं. बिचाऱ्या अनिलला तोवर घास गोड लागेना.

रविवारी महिपत जाहिरातीतलेच कपडे घालून पाहुण्यांना आणायला निघाला.

"अवो, छत्री र्‍हायली!" बायकोने, सकुबाईने मागून हाक मारली.

"येडी का काय गो? आख्खा म्हाराष्ट्र मला वळखतो. मीच छत्री नेली तर लोकं काय म्हनतील?"

"लोकं वळखतात. डबकं कुठं वळखतंय तुमाला?"

पण महिपत ऐकतोय कशाला! सगळा बनाव ज्याच्या देखत झाला, त्यालाच रोज टीव्ही बघून बघून तो खरा वाटायला लागला होता.

फाट्यावर लांबून एक मोटार दिसली. तीच, जाहिरातीतली. आजूबाजूच्या छत्र्या फटाफट आडव्या झाल्या. महिपत मात्र मिशीला पीळ देऊन काठावर उभा राहिला. पाय सवयीने मागे सरायला लागले, पण त्याने त्यांना दामटलं.

मोटार डबक्यातून सुसाट गेली. महिपतच्या अंगावर पांढरं म्हणून फक्त डोळ्यांत उरलं.

करकचून ब्रेक लागला आणि खाली उतरले जगदीशराव.

"अरे देवा! अहो, तुमची जाहिरात बघूनच तर ही घेतली! तुम्ही उभे दिसलात, म्हटलं तसंच झोकात जाऊ. टीव्हीवर तर थेंब नव्हता उडाला!"

महिपतने तोंडातला चिखल थुंकला. पोराची सोयरीक हातची जाते की काय, या धास्तीने त्याला एकही थाप सुचेना.

"पावनं, टीवीवर मी सकाळी उभा होतो. गाडी दुपारी गेली."

जगदीशरावांनी गाडीकडे बघितलं, मग महिपतकडे. "म्हणजे मी फसलो?"

"फसलो दोघं बी. भिजलो मी एकला."

मागच्या सीटवरून हर्षालीचं हसू फुटलं. "बाबा, गाडी काय आता कंपनीवाले परत घेणार नाहीत. निदान सुपारी तरी फोडा!"

जगदीशरावांनाही हसू आवरेना. चिखलाने माखलेल्या व्याह्याला त्यांनी नव्याकोऱ्या सीटवर बसवून घरी नेलं आणि सुपारी फुटली.

लग्न टोकावड्यालाच लागलं. जगदीशरावांनी महिपतला मानाचा आहेर केला: टोपी, उपरणं आणि लांब दांड्याची काळी छत्री. गाडी त्यांनी डबक्याच्या अलीकडेच उभी केली होती. तिथून मांडवापर्यंत ते चालत आले, आणि काखेत त्यांच्याही तसलीच एक छत्री होती.